इंदूरची खेप

रविवार, ११ जानेवारी २००४

सोळा वर्षं कंपनीची गाडी चालवली तेव्हा रोज लॉगबुक भरायला लागायचं. किती वाजता सुटलो, कुठं पोचलो, वाटेत काय झालं, खाली साहेबाची सही. कंपनी हिमाचलला गेली, मी गेलो नाही, पण हाताची सवय काही जात नाही. म्हणून ही वही केली. इथं सही करायला कोणी नाही आणि तपासायलाही कोणी नाही, म्हणजे खरं लिहायला हरकत नाही.

गाडी माझी होऊन आज सत्तर दिवस झाले. सहा चाकी आहे, दुसऱ्याच्या हातची आहे, थंडीत चालू व्हायला नखरे करते. पण कागदावर नाव माझं, वाल्मिक गणपत पंडागळे. क्लीनर ठेवला नाही, परवडत नाही. सत्तर दिवसांत खेपा किती झाल्या ते लिहीत नाही, हाताची बोटं पुरतील.

बायकोशी, संध्याशी, बोली झालीय. जानेवारीअखेर गाडी धंद्याला लागली तर ठीक, नाहीतर विकायची आणि एक फेब्रुवारीपासून स्कूलबसवर हजर व्हायचं. ती जागा तिच्या भावानं, उदयनं बघून ठेवलीय. उदय चांगला माणूस आहे, फक्त उपकार करताना फार गोड बोलतो. मी बोलीला हो म्हणालो, कारण हरणार नाही याची खात्री होती. उद्या नाक्यावर माझा पहिला नंबर आहे आणि इंदूरचा माल आहे. इंदूरहून पुढं भोपाळचा मिळाला तर दहा-बारा दिवस लागतील. संध्यानं कपडे भरले, सोसायटीत तीन घरी बर्फी वाटली. मी नको म्हणत होतो. स्वप्नालीनं इंदूरची शेव सांगितलीय. दहावीची पोर, पण खाण्याच्या बाबतीत अजून पाचवीतच आहे.

सोमवार, १२ जानेवारी

काय लिहू. सकाळी सव्वासहाला संध्यानं गाडीला हार घातला. शेजारच्या वाघेलांनी लिंबू-मिरची आणून दिली होती, मी हात जोडून परत केली, आमच्यात नाही बांधत. सोसायटीचे दोघे-तिघे उभे होते. हॉर्न वाजवून निघालो. बेव्हर्ली पार्क ते काशीमिरा नाका, दहा मिनिटं.

नाक्यावर बाबाजींची वही असते. गाडी आली की नाव लिहायचं, माल आला की सगळ्यात वरचं नाव जाणार, बाकीच्यांनी थांबायचं. दिवसाला तीनेक गाड्या लागतात. पावती नाही, शिक्का नाही, पण त्या वहीपुढं पंजाब-हरियाणाचे सहा फुटी ड्रायव्हरसुद्धा चूप बसतात. बाबाजी स्वतः जुने ड्रायव्हर, पाय अधू झाल्यावर वही धरली. त्यांनी माझ्यासमोर माझ्या नावावर काट मारली. शांतपणे, पट्टी लावून.

गुरुवारी मी भाईंदरच्या एका भांड्यांच्या कारखान्यातून नाशिकची खेप केली होती. तिथला माल पाठवणारा माणूस कंपनीच्या दिवसांपासून ओळखीचा. त्यानं बोलावलं, मी गेलो, भरलं, पोचवलं. मला वाटलं, आपण आपल्या ओळखीवर काम मिळवलं, शाबासकी मिळेल. कंपनीत असं केलं की साहेब चहा पाजायचे. इथं त्याला नंबर मोडणं म्हणतात. रांगेत नाव असताना बाहेरून माल उचलायचा नाही. ज्यानं उचलला त्याचं नाव पंधरा दिवस वहीत लागत नाही, आणि तोवर दुसरा कुठला दलालही त्याला हात लावत नाही. मी म्हणालो, मला कुणी सांगितलं नव्हतं. बाबाजी म्हणाले, "रांगेत उभं राहायला कुणी शिकवावं लागतं का? घरी जा. सत्तावीसला ये."

इंदूरचा माल माझ्या मागच्या गाडीनं नेला. माझ्याच डोळ्यांसमोर ताडपत्री बांधली.

घरी जा म्हणे. बर्फी वाटून झालीय, हार गाडीला अजून ताजा आहे, आणि मी दहा मिनिटांत परत? गाडी वजनकाट्याच्या मागं, काशीगावच्या अंगाला नेऊन लावली. रस्त्यावरून दिसत नाही. आजचा दिवस जाऊ दे, उद्या बघू.

मंगळवार, १३ जानेवारी

काल संध्याकाळी घरी फोन केला नाही तर ती काळजी करेल म्हणून नाक्याच्या टोकाच्या पीसीओवरून केला. मोबाईल घ्यायचा राहूनच गेलाय. तिनं विचारलं, कुठवर पोचलात? तोंडातून निघून गेलं, कसारा. ठरवून खोटं बोललो असतो तर निदान धुळे तरी सांगितलं असतं. सकाळी निघालेली गाडी संध्याकाळी कसाऱ्याला कशी असेल?  घाटात गर्दी होती का, एवढंच ती म्हणाली. मी म्हणालो, फार.

बुधवार, १४ जानेवारी

आज फोनवर शिरपूरला होतो. बोलता बोलता पीसीओतली लाईट गेली. तिकडं संध्या म्हणाली, थांबा हं, इथं लाईट गेली, मेणबत्ती बघते. मी म्हणालो, बघ ना, इथंही आत्ताच गेली. ती जरा वेळ गप्प होती. मेणबत्ती शोधत असणार. मग म्हणाली, नीट राहा, जेवत जा वेळेवर.

तिच्या आवाजानं बरं वाटलं. दिवसभरात माझ्याशी बोललेलं हे एकच माणूस. नाक्यावर वीसेक गाड्या उभ्या असतात पण नाव कापलेल्या माणसाजवळ कोणी बसत नाही, जणू काही संसर्ग होईल.

गुरुवार, १५ जानेवारी

नाक्यावर वासंतीबाईंची चहाची टपरी आहे. काशीगावच्याच, आगरी, आवाज असा की पलीकडच्या लेनमधल्या गाडीला ऐकू जावा. आतापर्यंत फक्त चहा-पाव घ्यायचो. आज दुपारी त्यांनीच हाक मारली. एक गिऱ्हाईक डबा सांगून ठेवतं आणि येत नाही, म्हणाल्या, "फुकट जाईल. जेवाला बसा तुमी." पैसे द्यायला गेलो तर घेईनात.

डबा उघडला तर ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी. मी चाट पडलो. आगरी बाईला आमच्या मराठवाड्याचं येसर कुठून माहीत? विचारलं तर म्हणाल्या, शिकले कुठंतरी. कुठूनही शिकेनात का, हात आहे बाईला. खरं सांगायचं तर संध्याच्या आमटीपेक्षा कांकणभर सरसच होती. संध्या हल्ली नर्सिंग होमच्या ड्युटीवरून दमून येते, आमटीत तिचं लक्ष नसतं. हे ती वाचणार नाही म्हणून लिहितो.

शनिवार, १७ जानेवारी

डबा रोज येतोय. ते गिऱ्हाईक कोण आहे देव जाणे, पैसे भरतं आणि खायला येत नाही. असेल कोणी माझ्यासारखाच, निघाला एकीकडं आणि राहिला भलतीकडं.

काल फोनवर मी इंदूरला पोचलो. संध्यानं विचारलं, डास आहेत का तिकडं? मी म्हणालो, विचारू नकोस, फोडून काढतात. ते मात्र अगदी खरं होतं. आज वासंतीबाईंनी डब्याबरोबर डासांची कॉइल दिली. माझ्याकडं पडून होती म्हणाल्या. जगात माणुसकी आहे, फक्त ती आपल्या माणसांत शोधायची नसते.

सोमवार, १९ जानेवारी

काल रविवार फार वाईट गेला. रविवारी घरी दुपारी मटण असतं, मी आणि स्वप्नाली नळीवरून भांडतो. काल दुपारी मी केबिनमध्ये पाय वर करून पडलो होतो. इथून घर साडेतीन किलोमीटर. चालत गेलो असतो तरी पाऊण तासात दारात. एवढ्या जवळ असून आपण आपल्या घरी जाऊ शकत नाही, हे समोर कुणाला सांगायची सोय नाही. कंपनीत असताना अहमदाबाद, हुबळी, नागपूर केलं, आठ-आठ दिवस लांब राहिलो, पण असं एकटं कधी वाटलं नाही. तेव्हा कुठंतरी एका रजिस्टरमध्ये लिहिलेलं असायचं की पंडागळे आत्ता अमुक ठिकाणी आहे. आता मी कुठं आहे हे फक्त ही वही जाणते.

सकाळी आरशात दाढी करताना सोसायटीतले वाघेला स्कूटरवरून वजनकाट्याकडं वळताना दिसले. मी तोंडाला साबण तसाच ठेवून सीटखाली वाकलो. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, स्वतःच्या गाडीचा मालक, स्वतःच्या गाडीत लपला. त्यांना काटा दुरुस्तीचं काम असावं, पाच मिनिटांत गेले. माझ्या पाठीत उसण भरली ती अजून आहे.

मंगळवार, २० जानेवारी

मी आज भोपाळला आहे. संध्यानं फोनवर तलावाबद्दल विचारलं. फार मोठा आहे म्हणालो. स्वप्नालीनं फोन घेतला, म्हणाली, पप्पा, तुम्ही नीट जेवता ना? मग एकदम म्हणाली, तिकडं उन्हात बसू नका, गाडीच्या सावलीला बसत जा. आज दिवसभर मी उन्हातच बसलो होतो, डोकं चढलंय. पोरीला बापाची किती ओळख असते बघा.

उदयचा फोन आला होता म्हणे. स्कूलबसवाले घाई करतायत. संध्यानं त्याला सांगितलं, ते भोपाळच्या वाटेवर आहेत, आले की सांगतील. माझ्यासाठी ती भावाशी खोटं बोलली, बिचारीला माहीतही नाही की ते खोटं आहे. हे मनाला लागलं.

गुरुवार, २२ जानेवारी

परवा शनिवारी "परतायचं" ठरवलं. तोवर बारा दिवस होतील, आणखी ताणलं तर संशय येईल. आल्यावर सांगायचं, खेप चांगली झाली, पुढचा नंबर मंगळवारी लागेल. एवढं एक खोटं पचलं की मंगळवारपासून सगळं खरंच होणार आहे.

शेवेचा प्रश्न होता. रिक्षा करून भाईंदर स्टेशनजवळच्या फरसाणवाल्याकडं गेलो. लवंगी शेव अर्धा किलो. नावाची पिशवी नको, साध्या कागदात बांध म्हणालो. तो गुजराती माणूस माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, अंकल, गिफ्ट देना है क्या? हो म्हणालो.

शुक्रवार, २३ जानेवारी

आज दुपारी गाडीखाली शिरून ग्रीसिंग करत होतो. पाठीखाली गोणपाट, तोंड वर. वासंतीबाईंची टपरी तिथून पंधरा पावलांवर, माणसांचे फक्त पाय दिसतात. रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मग दोन पाय टपरीपाशी आले. डाव्या चपलेच्या अंगठ्याला काळ्या दोऱ्यानं टाका घातलेला. तो टाका मीच घातलाय, दिवाळीत.

संध्या नर्सिंग होमच्या साडीत होती. वासंतीबाईंना डबा दिला, कालचा रिकामा घेतला. वासंतीबाई म्हणाल्या, भाकर आवडीनं खातात. ती म्हणाली, "आज मेथी आहे. पाठ दुखते का ते बघा, पण विचारू नका. तुम्ही दिलंय असंच वाटू दे त्यांना." मग वासंतीबाई म्हणाल्या, किती दिस असं चालवशील बाय, तो काय परका हाय? संध्या म्हणाली, "त्यांनी सांगितल्याशिवाय मला कसं माहीत असेल?"

ती लगेच गेली नाही. माझ्या गाडीकडं तोंड करून उभी राहिली, चपलांची टोकं माझ्याकडं होती. मी ग्रीसचा हात छातीवर धरून पडून राहिलो. शिंक आली असती तर मेलो असतो. मग रिक्षा गेली.

आधी राग आला, लाजेनं नाही, रागानंच कान तापले. माझा तमाशा केला, टपरीवाल्या बाईला सामील करून घेतलं, उद्या सगळा नाका हसेल. तासभर मनातल्या मनात तिच्याशी भांडलो. मग मागचं सगळं एकेक करून आठवायला लागलं. लाईट गेली ती बुधवारी. डबा सुरू झाला गुरुवारी. म्हणजे लाईट येईपर्यंत तिला कळलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीला जायच्या आधी भाकरी थापून, मला शोधत ती या नाक्यावर आली होती. आणि वर मला फोनवर विचारत होती, तिकडं डास आहेत का.

मेथी खाल्ली. सगळी खाल्ली, डबा पुसून.

रविवार, २५ जानेवारी

सकाळ आहे. घरून लिहितोय, गॅलरीत बसून.

काल पाच वाजता "आलो". गाडी नाक्यावरच ठेवली. पिशवी आणि शेव घेऊन जिना चढलो. रस्ताभर वाक्य पाठ करत होतो, संध्या, मी कुठंही गेलो नव्हतो. दार तिनंच उघडलं. म्हणाली, आलात? कशी झाली खेप? आणि पिशवी हातातून घेतली. मी बघतच राहिलो. इतकं सफाईदार खोटं मलाही जमलं नव्हतं.

स्वयंपाकघरात तिच्या मागं गेलो आणि म्हणालो, काल मी गाडीखाली होतो. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं नाही. तिला रडू येईल असं वाटलं, पण तिनं फक्त पदरानं तोंड पुसलं आणि कुजबुजली, "हळू बोला. स्वप्नालीला इंदूरच वाटतंय. परीक्षा तोंडावर आलीय तिची, काही बोलू नका तिला." मी मान हलवली. म्हणजे पोरीपुरतं इंदूर अजून चालू ठेवायचं. ठीक आहे, बापाला तेवढं यायला हवं.

हातपाय धुऊन गॅलरीत आलो तर स्वप्नाली टॉवेल घेऊन मागं आली. स्वयंपाकघराकडं एकदा बघून घेतलं आणि म्हणाली, "पप्पा, आमच्या क्लासची रिक्षा काट्याच्या मागून जाते. मी तुम्हाला रोज बघायचे. मम्मीला नाही सांगितलं. तिला इंदूरच वाटतंय, तुम्ही पण नका सांगू, ती टेन्शन घेते."

 टॉवेल तोंडावर धरून उभा राहिलो, पुष्कळ वेळ तोंड पुसलं. वन रूम किचनचं घर. बारा दिवस त्या दोघी एका गादीवर शेजारी शेजारी झोपत होत्या, एकीनं दुसरीला कळू दिलं नव्हतं, आणि मी साडेतीन किलोमीटरवर बसून समजत होतो की एकटा फक्त मीच आहे.

जेवायला बसलो. दिवेलागण झाली होती. संध्यानं विचारलं, इंदूरला बाजार मोठा आहे का हो? स्वप्नाली लगेच म्हणाली, पप्पांनी मागच्या वेळी सांगितलं होतं ना, सराफ्यात खूप खायला मिळतं म्हणून. मी असलं कधी सांगितलं नव्हतं. दोघी मला वाचवत होत्या, एकमेकींपासून. ताटात मटण होतं, शनिवार असून. नळी माझ्या वाटीत होती आणि पोर भांडत नव्हती.

तेव्हा मला सहन झालं नाही. हात ताटात तसाच ठेवून मोठ्यानं म्हणालो, "मी इंदूरला गेलो नव्हतो. भोपाळलाही नाही. नाक्यावर होतो. माझं नाव कापलंय."

 स्वप्नालीनं आईकडं बघितलं, आईनं तिच्याकडं. मग दोघींनी एकदमच माना खाली घातल्या.  मी वाट बघत होतो. बर्फीचं निघेल, बोलीचं निघेल, उदयचं नाव निघेल.  आज कबूल करतो, संध्यानं तेव्हा गाडी विका म्हटलं असतं तर मी विकली असती.

तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "नाव लागल्यावर नंबर कितवा येईल?"

मी म्हणालो, मंगळवारी लागेल, पण तळाला. अठरावा.

"दिवसाला तीन जातात. म्हणजे रविवारी नाहीतर सोमवारी," ती म्हणाली. "महिना उलटेल तोवर. उदयला सांगते, दुसरा माणूस बघ म्हणून." आणि स्वप्नालीकडं वळून म्हणाली, जेव आता, गार होतंय.

दिवसाला तीन जातात हे तिला कुणी सांगितलं, ते मी विचारलं नाही.